खुर्ची सोडून कुठेही

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, तुझ्यामागून सारखं कोण जातं गं?" ईशानच्या मते ती दोन माणसं होती, एक डावीकडे जाणारं आणि एक उजवीकडे. रेवाच्या मते माणूस एकच, पण त्याचं काहीतरी हरवलं असावं. रेवाचं बरोबर आहे. माणूस एकच, आपल्या समोरच्या घरातले तवनाप्पा अण्णा. रोज सकाळी सातला ते आपल्याकडे चहाला येतात आणि चहा फेऱ्या मारत पितात, कारण ते खुर्चीवर बसत नाहीत.

बसत नाहीत म्हणजे कधीच नाही. तीस वर्षं होऊन गेली या गोष्टीला. पाट चालतो, पायरी चालते, ओटा चालतो, स्वतःच्या वखारीतलं तंबाखूचं पोतं तर फारच चालतं. एसटीत बसतात, कारण "ते बाक हाय, खुर्ची न्हाय." आमच्याकडे पहिल्यांदा सोफा आला तेव्हा त्यांनी त्याला चारी बाजूंनी बघून घेतलं आणि निकाल दिला, "ही खुर्च्यांची एकत्र कुटुंबपद्धत हाय. नको." दाताच्या डॉक्टरांनी त्यांची दाढ दवाखान्याच्या जिन्यात, तिसऱ्या पायरीवर काढली. लग्नाला गेले की मांडवाच्या तोंडाशी उभे राहतात. मुलाकडच्यांना वाटतं हे मुलीचे थोरले काका, मुलीकडच्यांना वाटतं हे मुलाचे. दोन्हीकडचे लोक येऊन पाया पडतात. अण्णा दोघांनाही आशीर्वाद देतात.

घर जैनांचं, तंबाखूच्या व्यापारातलं. घरात कानडी, गल्लीत मराठी. रागावतात कानडीत, समजूत घालतात मराठीत. आणि काहीही बिघडलं, मग ते दूध नासणं असो की सरकार पडणं असो, त्यांच्या तोंडी एकच वाक्य येतं: "होगली बिडरी." म्हणजे जाऊ द्या हो. हे म्हणून ते स्वतः मात्र काहीही जाऊ देत नाहीत. लगेच चप्पल घालून त्या कामाला निघतात.

आयुष्यात एकदाच निवडणुकीला उभे राहिले, नगरपालिकेच्या, आपल्या वॉर्डातून. पण तेवढ्यावर त्यांनी राजकारणाचं जे ज्ञान मिळवलं, ते दिल्लीत चाळीस वर्षं काढलेल्यांकडेही असेल असं मला वाटत नाही. चहाचा एक घोट, दोन फेऱ्या, एक वाक्य, असा त्यांचा क्रम असतो.

"बाई, आश्वासन आणि तंबाखू एकसारखं. ओलं असताना वजन जास्त भरतंय."

मी निपाणीच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे, म्हणून साऱ्या गल्लीला मी 'बाई'च.

आपल्याकडे पाट्यांवरून नेहमी वाद होतो, दुकानाची पाटी मराठीत की कन्नडमध्ये. एकदा दोन्हीकडची तरुण मंडळी रस्त्यात तावातावाने भांडत होती. अण्णा मध्ये गेले आणि म्हणाले, "पाटी कुठल्याबी भाषेत लावा रं. तुम्ही दोघं उभं राहिलाय तो खड्डा दोन्ही भाषेत गुडघ्याएवढाच हाय." पोरं खाली बघू लागली. खड्डा खरंच होता.

मोर्च्याबद्दल त्यांचं मत असं: "पाणी न्हाय म्हणून कोण मोर्च्याला येत न्हाय. शेजारी गेला म्हणून येतंय." आणि मतदारांबद्दल: "जो तीनदा सांगतोय 'अण्णा, मत तुम्हालाच', त्यानं न्हाय दिलेलं. एकदा सांगतोय त्याची खात्री न्हाय. गप बसतोय त्याला विचारायचं न्हाय, कशाला दुखणं विकत घ्यायचं."

"मग दिलं कुणी हे कळतं कसं?" मी विचारलं होतं.

अण्णा चालता चालता एक क्षण अडखळल्यासारखे झाले. "न्हाय कळत बाई," म्हणाले. "तीच तर गंमत हाय."

आता खुर्चीचं. त्या काळी मतदान कागदावर व्हायचं. लांबट कागद, त्यावर उमेदवारांची नावं आणि चित्रं. ज्याला मत द्यायचं त्याच्या चित्रावर शिक्का मारायचा, घडी घालायची, पेटीत टाकायचं. अण्णांचं चित्र छत्री. समोर सायकल दुकानवाले उभे होते, त्यांचं चित्र किटली. मोजणी झाली आणि दोघांची मतं सारखी निघाली. बरोबर सारखी. आणि एक कागद बाजूला राहिला. शिक्का छत्रीवर होता, स्वच्छ होता, पण कागदावर लाल काहीतरी होतं. मत कुणाचं ते ओळखू येईल अशी खूण कागदावर चालत नाही, म्हणून अधिकाऱ्यांनी तो बाद केला. मग दोन चिठ्ठ्या केल्या, स्टीलच्या डब्यात घातल्या, डबा हलवला, एक काढली. किटली निघाली.

कुणीतरी अण्णांना बसायला खुर्ची पुढे केली, सांत्वनाची. अण्णा म्हणाले, "खुर्ची मिळंल तवाच खुर्चीवर बसीन," आणि कचेरीतून चालत घरी आले. पुन्हा कधी उभे राहिले नाहीत. त्यामुळे खुर्ची मिळायचा प्रश्न मिटला आणि बसायचाही.

तिसऱ्या दिवशी ते बेळगावला गेले आणि कुंदा घेऊन आले. लोक जिंकल्यावर मिठाई वाटतात, अण्णांनी हरल्यावर वाटली. घरोघर जायचे, दारात उभे राहायचे, कुंद्याचा एक तुकडा हातावर ठेवायचे आणि म्हणायचे, "त्या एका मताबद्दल धन्यवाद. कुणाचं का असंना, दिलं मनापासनं." एवढं बोलून पुढच्या दाराला. त्या कुंद्याने सगळ्या वॉर्डाची झोप उडवली.

कारण बाहेर एवढंच कळलं होतं, की कागदावर लाल काहीतरी होतं. शेवंताक्का त्या दिवशी देवळातून थेट मतदानाला गेली होती, बोटाला कुंकू होतं. मारुती टेलरच्या तोंडात पान होतं. गिरणीवाल्याने नुकती मिरची दळली होती. एकेक जण आतून खचत गेला. मग सुरू झाली कबुलीची रांग. मारुती टेलर आपल्याच ओट्यावर आला होता, अण्णा इथे असतात म्हणून. मी आत तांदूळ निवडत होते.

"अण्णा, माझंच असंल बघा ते. घडी घालताना शिंकलतो मी."

"असंल," अण्णा म्हणाले. "नसंल बी."

"मला झोप न्हाय लागत ओ."

"होगली बिड रं. झालं ते झालं. बरं, तुझ्या दुकानाम्होरं दिवा न्हाय, पोरी क्लासास्नं येताना अंधारात चालत्यात. नगरपालिकेत अर्ज घेऊन कोण जाईना."

मारुती अर्ज घेऊन गेला. सहा वेळा गेला. दिवा लागला त्या संध्याकाळी अण्णा त्याच्या दुकानी गेले आणि म्हणाले, "आता सांगतो मारुती. ते तुझं न्हवतं."

असं त्यांनी सगळा वॉर्ड चालवला. शेवंताक्काने बायकांना जमवून नळाची वेळ बदलून घेतली, मग तिला कळलं की कुंकू निर्दोष होतं. गिरणीवाल्याने गटारावर फरशी टाकून घेतली. निवडून आलेले सायकल दुकानवाले पाच वर्षं खुर्चीत बसून राहिले आणि कामं मात्र न निवडलेला माणूस रस्त्याने फिरत करून घेत होता. मी म्हटलं, "अण्णा, हे बरं नाही. लोकांच्या मनातल्या बोचणीवर तुम्ही गटारं बांधताय."

"बाई, ज्याच्यावर उपकार केला त्यो चार दिवसात विसरतोय. ज्याच्या हातनं चूक झाली त्यो जन्मभर रामराम घालतोय. मला पक्ष न्हाय, पैसा न्हाय. वॉर्डाची ही एक चूक तेवढी हाय. तिच्यावरच भागवतोय."

"पण तुम्हाला खरंच माहीत आहे का ते कुणाचं होतं?"

"मोजणीच्या टेबलावर दिसलं ते टेबलावर ठिवायचं असतंय," एवढंच बोलून ते दुसऱ्या टोकाला गेले.

मला चैन पडेना. तुमचे आजोबा म्हणायचे, तुझ्या कपाटात धुण्याचीसुद्धा यादी असते. तशी मी याचीही केली. वहीच्या एका पानावर अकरा नावं, प्रत्येकापुढे लाल रंगाचं कारण. ज्याला अण्णांनी मोकळं केलं त्याचं नाव खोडायचं. हळूहळू सगळी अकरा खोडली गेली. मी त्यात फार लक्ष घालत होते असं नाही, पण मतदानाच्या आधी गल्लीतल्या बायकांना कागदाची घडी कशी घालायची ते मीच शिकवलं होतं, त्यामुळे माझ्या हाताखालच्या कुणी चूक केली का, हे मला कळायला हवं होतं. एकदोघींना मी थोडं बोललेही होते. कुंकवाचे हात पुसून जायला काय झालं होतं, असं. शेवंताक्का बरेच दिवस माझ्याशी तुटक वागत होती.

दोन गोष्टी मात्र मी वहीत लिहिल्या नाहीत, कारण तेव्हा त्यांचा अर्थच लागला नव्हता. एक म्हणजे, घरोघर कुंद्याचा तुकडा देणाऱ्या अण्णांनी आपल्याकडे अख्खा डबा दिला होता. मला वाटलं, त्यांची मुलगी शोभा माझ्या वर्गात, म्हणून. दुसरी, साऱ्या वॉर्डाला कामाला लावणाऱ्या अण्णांनी मला एक कामही कधी सांगितलं नाही. त्या डब्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते सातला चहाला यायला लागले, ते आजतागायत.

पद्माक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, गेल्याला आता चार वर्षं झाली. शोभा हुबळीला असते. वखार भाड्याने दिली आहे. तेव्हापासून अण्णांच्या फेऱ्या वाढल्यात. पूर्वी सातला येऊन साडेसातला जायचे, आता नऊ वाजतात. आणि गेल्या काही महिन्यांत इकडे एक चर्चा सुरू झाली, की पुढची स्थानिक निवडणूक मशिनवर न होता पुन्हा कागदावर होणार. झालं. अण्णांच्या पायाला चाकं लागली. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नऊ पावलं होती, ती आता सात झाली.

"बाई, या नव्या सुनांनी नुस्तं बटण दाबलंय. शिक्का म्हाईत न्हाय, घडी म्हाईत न्हाय. परत कुणाचं तरी बाद हुणार. शिकवायला पायजे."

"होईल हो. निवडणूक लागू तरी द्या."

"लागल्यावर कसलं शिकवताय? आग लागल्यावर हीर खांदायची?"

मागच्या गुरुवारी दुपारी त्यांनी गल्लीतल्या सात-आठ जणींना आमच्या ओट्यावर बोलावलं. कागद त्यांनीच आखले होते. छत्री आणि किटली दोन्ही काढली होती, छत्री जरा जास्त मन लावून. शिक्क्यासाठी सोड्याच्या बाटलीचं झाकण, मारुतीकडून आणलेला शाईचा पॅड आणि मतपेटी म्हणून कुंद्याचा रिकामा डबा. शेजारची नेत्रा बँकेतून अर्धी रजा टाकून आली होती. मारुतीची सून कडेवर लेकरू घेऊन होती.

"पयल्यांदा बाई करून दाखवतील," अण्णांनी जाहीर केलं. "बाईंचं काम म्हंजे सरकारी छापखाना."

मी चष्मा पुसला आणि सांगायला सुरुवात केली. शिक्का चित्राच्या मधोमध. जोर एकदाच. शाई वाळू द्या. आता उभी घडी, म्हणजे ओली शाई दुसऱ्या चित्रावर उमटणार नाही. मग आडवी. सगळ्या जणी वाकून बघत होत्या. मी छत्रीवर शिक्का मारला, घड्या घातल्या, कागद डब्यात टाकला.

"आता मोजणी," म्हणत अण्णांनी डबा उघडला, माझा कागद काढून उलगडला आणि चालायचे थांबले.

तीस वर्षांत मी त्यांना असं मध्येच थांबलेलं पाहिलं नव्हतं. शेवटच्या टोकाला जाऊन वळण्याआधी ते थांबत नाहीत. मी पुढे होऊन कागद पाहिला. छत्रीवर शिक्का सुबक बसला होता. आणि खाली उजव्या कोपऱ्यात लाल शाईने माझी सही होती. एस. के., खाली आडवी रेघ, रेघेखाली दोन टिंबं. तपासलेल्या प्रत्येक पेपरावर, प्रत्येक वहीवर मी करत आले तशी. पेन अजून माझ्या हातात होतं. ते मी केव्हा काढलं, सही केव्हा केली, मला काही आठवत नव्हतं.

त्या मतदानाच्या दिवशीही मी शाळेतून थेट गेले होते, सहामाहीचे पेपर तपासता तपासता उठून.

मी काही बोलायच्या आत अण्णांनी कागद उंच धरला. "बघितलंसा? बाईंनी मुद्दाम चूक करून दाखवली. कागदावर सही, नाव, खूण, कायबी केलं की मत बाद. ध्यानात ठिवा."

"सही कोण करतंय ओ अण्णा?" मारुतीची सून हसली. "एवढं येडं कोण असतंय?"

"लई शाणी माणसं करत्यात," अण्णा म्हणाले. "चला, आता नेत्रा. मार शिक्का."

पुढचा तास मी काय शिकवलं ते मला सांगता येणार नाही. एकेकीने शिक्के मारले, हसल्या, कुणी किटलीला मत दिलं म्हणून अण्णा लटके रागावले. सगळ्या गेल्यावर मी कप गोळा केले, पॅड बंद केला, झाकण पुसून ठेवलं. अण्णा कठड्यापाशी फेऱ्या घालत होते.

"अण्णा, ते माझं होतं."

"काय?"

"मत."

"असंल," ते म्हणाले. "नसंल बी."

"अण्णा."

ते त्या टोकाला जाऊन परत आले. "शोभीच्या वहीवर दर आठवड्याला बघत हुतो की मी ती सही. खाली दोन टिंबं. टेबलावर बघितल्या बघितल्या वळखली. सायकलवाल्याला वाटलं कुणीतरी रेघोट्या मारल्यात."

"मग बोलला का नाहीत? भांडायचं होतं तुम्ही."

"वकील म्हणला, कुणाची सही ते सांगा, बघू काय करता येतंय. मी म्हटलं, वळखीची न्हाय." अण्णांनी चप्पल काढली, परत घातली. "साऱ्या गावाच्या पोरींस्नी तुम्ही चुका सुधारायला शिकवताय. तुमचं नाव त्या टेबलावर कशाला आणायचं?"

"तुमची खुर्ची गेली माझ्यामुळे. आणि मी शेवंताक्काला बोलले. वहीत यादी केली मी, अण्णा, लोकांची."

"म्हाईत हाय. एकदा तुमच्या मालकांनी दावली हुती. लई हसलो आम्ही." म्हणजे तुमच्या आजोबांनाही ठाऊक होतं की काय, हे मी विचारलं नाही. आता विचारायचं तरी कुणाला?

मी म्हटलं, "मला काहीतरी काम सांगा. सगळ्यांना सांगितलंत."

अण्णांच्या फेऱ्या मंदावल्या.

"बाई, त्या दिवशी टेबलावर साऱ्या वॉर्डाची मतं पडलती. छत्रीचा येवढा ढीग. कुणाचं कुठलं, काय कळंना. सख्ख्या भावानं दिलं का, कळंना. आमच्या पद्मीनं दिलं का, तेबी शेवटपर्यंत विचारायचं धाडस झालं न्हाय, तिच्या म्हायेरचे किटलीवाल्याच्या वळखीचे. दारादारात गेलो, कुंदा वाटला, सगळी हसून बोलली. पण चहा घेताना मनात किडा वळवळायचाच, ह्यानं दिलं असंल का?" त्यांनी खिशातून तो सरावाचा कागद काढला. तो त्यांनी कधी खिशात ठेवला ते मी पाहिलं नव्हतं. "येकच मत नावनिशी मिळालं. बाद झालं, होगली बिडरी. पण दिलेलं हुतं. ह्या येका घरात चहा पिताना इचार करावा लागत न्हाय."

मी कागद मागितला, फाडून टाकायला. त्यांनी दिला नाही. "सरकारनं तवाचा कागद मोहोर लावून न्हेला. ह्यो माझा," म्हणाले, आणि घडी घालून परत वरच्या खिशात ठेवला. आधी उभी घडी, मग आडवी. बरोबर घातली.

मी आत गेले आणि तुमच्या आजोबांची वेताची खुर्ची ओट्यावर आणून ठेवली, उशीसकट. अण्णांनी खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"चहा टाका जावा," म्हणाले.

मी चहा टाकला. आलं किसलं, दूध घातलं, कपबशा ट्रेमध्ये मांडल्या. त्या सगळ्या वेळात बाहेरून चपलांचा आवाज आला नाही. मी मुद्दाम आणखी एक उकळी येऊ दिली.

बाहेर आले तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि अण्णा नेहमीसारखे या टोकाकडून त्या टोकाला जात होते. त्यांनी चालता चालताच कप उचलला आणि सरकार यंदा तरी टिकणार की नाही यावर बोलायला लागले. पण खुर्चीवरची उशी मध्ये दबली होती. एरवी कुणी उठलं की मी उशी लगेच झटकून नीट करते, तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत मी ती तशीच राहू दिली.